आमच्या वेळचा कप्तान

बालगंधर्व ऐकलेल्या माणसाशी गाण्यावर वाद घालू नये, हे शहाणपण मला लहानपणीच आले. आमच्या आजोबांनी नारायणरावांना ऐन भरात ऐकले होते. त्यानंतर रंगभूमीवर जो कोणी आला त्याच्याकडे ते, दारात उभ्या राहिलेल्या विमा-एजंटाकडे पाहावे, तसे पाहत. गंमत अशी की, नवे संगीत नाटक मात्र त्यांनी एकही चुकवले नाही. अंबरनाथहून कल्याणला जायचे, तिकीट काढायचे, मध्यंतरात चहा घ्यायचा आणि रात्री उशिराच्या गाडीने परत येऊन पायरीवर चपला काढता काढता म्हणायचे, "छे!" बस्स, एवढेच. त्या 'छे'मध्ये त्यांना जे सुख मिळे ते नाटकापेक्षाही मोठे असावे, असा माझा फार जुना संशय आहे.

आजोबांच्या मागे जमीनजुमला नव्हता. तो 'छे' तेवढा वारसाहक्काने माझ्याकडे आला. फरक इतकाच, की माझे नारायणराव म्हणजे एका अमेरिकन अंतराळयानाचे कप्तान आहेत.

'स्टार ट्रेक' हे नाव वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांच्यासाठी थोडी वंशावळ सांगणे भाग आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी ही मालिका अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सुरू झाली. (त्याच वर्षी इकडे मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण हा योग मला आवडतो.) 'एंटरप्राइझ' नावाचे यान, त्यावर कर्क नावाचा कप्तान, स्पॉक नावाचा टोकदार कानांचा, अर्धा परग्रहावरचा अधिकारी आणि मॅकॉय नावाचा तापट डॉक्टर. दर आठवड्याला नवा ग्रह आणि नवा पेच. ७९ भाग झाले आणि १९६९ साली मालिका बंद पडली. मधे एकदा ती बंद होणार अशी कुणकुण लागताच प्रेक्षकांनी कंपनीवर पत्रांचा असा पाऊस पाडला, की तिसरे पर्व काढावेच लागले. आपण नुसते प्रेक्षक नसून मालिकेचे भागीदार आहोत, असे या मंडळींना वाटू लागले ते तेव्हापासून. पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ तिथे आहे.

आपल्याकडे ही मालिका दूरदर्शनवर आली ती ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी. आम्ही तेव्हा अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत राहत होतो. आमच्या ओळीत टीव्ही एकच, तो शेजारच्या नानांकडे. नाना फॅक्टरीत टर्नर होते. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत दहा-बारा पोरे मांडी घालून बसत आणि नाना खाटेवर, हातात अडकित्ता घेऊन. मालिका इंग्रजीत आणि आम्ही सारे मराठी शाळेतले. नानांचे इंग्रजी यंत्रांच्या माहितीपुस्तकांतून आलेले; पण आमच्यापेक्षा ते पुष्कळच होते. तेव्हा पडद्यावर कर्क बोले आणि खाटेवरून नाना. माणसे एका ठिकाणी विरून दुसरीकडे प्रकट होतात त्या यंत्राला ते 'विरघळवण्याचं मशीन' म्हणत. 'वॉर्प' या शब्दापाशी ते क्षणभर अडखळत आणि 'आता वरचा गिअर टाकला' असे सांगून मोकळे होत. यानाचा इंजिनियर स्कॉटी हा त्यांचा जीव की प्राण. "मशीनला एवढं ताणू नका, असं तो सांगतोय. साहेब ऐकणार नाही. साहेब कधीच ऐकत नसतो," एवढे भाष्य दर रविवारी ठरलेले.

त्यांतला एक भाग माझ्या मनावर कोरला गेला आहे. मूळ प्रक्षेपण १५ डिसेंबर १९६६ चे. नाव 'बॅलन्स ऑफ टेरर'. यानावर एका जोडप्याचे लग्न लागत असते आणि लग्न लावणारा भटजी म्हणजे खुद्द कर्क. इतक्यात सरहद्दीवरच्या चौक्या एकामागून एक उद्ध्वस्त होत असल्याची खबर येते. सरहद्दीपलीकडे रोम्युलन म्हणून लोक आहेत. त्यांच्याशी शंभर वर्षांपूर्वी युद्ध झाले होते, तरी त्यांचे तोंड कधी कोणी पाहिलेले नाही. शत्रूचे जहाज अदृश्य होऊ शकते. पुढे दोन जहाजांचा पाठलाग, पाणबुड्यांच्या लढाईसारखा. मग एकदाचा शत्रूच्या सेनापतीचा चेहरा पडद्यावर दिसतो आणि कान टोकदार! हुबेहूब स्पॉकसारखे. यानावरचा एक अधिकारी, ज्याच्या घराण्यातली माणसे त्या जुन्या युद्धात मेली होती, तो त्या क्षणापासून स्पॉककडे संशयाने पाहू लागतो.

त्या क्षणी नानांच्या खोलीत कसली शांतता पसरली होती म्हणून सांगू! अडकित्ता थांबला होता. शेवटी रोम्युलनांचे जहाज निकामी होते. सेनापती मदत नाकारतो, कर्कशी दोन शब्द बोलतो आणि स्वतःच्या हाताने आपले जहाज उडवून देतो. ते दोन शब्द नानांनी आम्हांला असे सांगितले: "तो म्हणतोय, मी माणूस वाईट नाही. माझी नोकरी वाईट आहे."

पुढे कितीतरी वर्षांनी हा भाग मी शांतपणे, इंग्रजी कळू लागल्यावर, पुन्हा पाहिला. सेनापती असे काही बोलतच नाही. तो जे बोलतो तेही सुंदर आहे. आपण दोघे एकाच जातीची माणसे आहोत, दुसऱ्या परिस्थितीत मित्र झालो असतो, अशा अर्थाचे. आपण केवळ कर्तव्याला बांधलेले आहोत, असेही तो म्हणतो. पण 'नोकरी'? ती नानांची भर. शस्त्रांच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाने ते वाक्य कुठून आणले, हे त्या वयात कळणे शक्यच नव्हते. आज मूळ संवाद आणि नानांचा संवाद यांतला कोणता निवडशील असे कोणी विचारले, तर मी नानांचाच निवडीन.

ते पुन्हा पाहणे घडले माझ्या उल्हासनगरच्या मित्रामुळे. आमची ओळख कॉलेजातली. त्याचे फर्निचरचे दुकान आहे आणि जुन्या नव्या मालिकांच्या तबकड्या जमवण्याचा छंद आहे. उल्हासनगर म्हणजे एके काळची कल्याण छावणी. महायुद्धातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवले आणि १९४९ साली राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. या गावाच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा विनोद सर्वांना ठाऊक आहे: यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. माझा मित्र तो विनोद स्वतःच सांगतो आणि वर म्हणतो, "तुम्ही लोक विचारता, ओरिजिनल आहे का. आम्ही विचारतो, चालतं का." नव्या मालिकांकडे तो याच दृष्टीने पाहतो आणि इथेच आमचे गेली कित्येक वर्षे बिनसते.

खरे म्हणजे नव्या मालिकेवर रागावण्याची परंपरा मालिकेइतकीच जुनी आहे. १९८७ साली 'नेक्स्ट जनरेशन' आली तेव्हा कर्क नाही, स्पॉक नाही, कप्तान टक्कल पडलेला, आणि कालपर्यंतचा शत्रू असलेला एक क्लिंगॉन चक्क यानाच्या पुलावर अधिकारी म्हणून उभा! अमेरिकेतल्या जुन्या भक्तांनी कपाळाला हात लावला. सात वर्षांनी, १७८ भागांनंतर ती संपली तेव्हा तोच टकलू पिकार्ड कर्काच्या पंक्तीला बसला होता. १९९३ साली 'डीप स्पेस नाईन' आली; तिच्यात यान दुय्यम, सगळा कारभार एका अंतराळस्थानकावर. त्यावर आमच्या गाडीतले एक गृहस्थ म्हणाले होते, "स्टेशनावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या, हे आम्ही कल्याणला रोज फुकट करतो." १९९५ च्या 'व्हॉयेजर'मध्ये कप्तान बाई आली, म्हणून कुरकूर. २००१ च्या 'एंटरप्राइझ'मध्ये तर शीर्षकगीतावरच आक्षेप, आणि ती २००५ साली बंद होणार म्हटल्यावर पुन्हा तेच लोक ती वाचवायला धावले. मित्राने यावर एकदा जे सांगितले ते मला फार मार्मिक वाटते. त्याची आजी सिंधमधून आली. "आजीने पन्नास वर्षं उल्हासनगरच्या पाण्याला नावं ठेवली," तो म्हणाला, "आणि पन्नास वर्षं तेच पाणी प्याली. तुमचे सगळे फॅन माझ्या आजीसारखे. शिव्या देतात, पण एक भाग चुकवत नाहीत."

आमच्या गाडीतली ही मंडळी म्हणजे एक छोटेसे न्यायालय आहे. मी आता अंबरनाथ सोडून बदलापूरला राहतो. अर्ध्या अंबरनाथने ते केले आहे आणि उरलेले अर्धे सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने बदलापूरपर्यंत येते. बदलापूर ते बोरीबंदर ६८ किलोमीटर. एवढ्या वेळात कोणत्याही मालिकेवर खटला चालवून निकाल देता येतो. निरीक्षणान्ती माझा एक सिद्धान्त झाला आहे. माणसाचा कप्तान त्याच्या बाराव्या वर्षी ठरतो. आमच्यातला बँकेतला गृहस्थ केबलच्या जमान्यातला, म्हणून पिकार्डचा. एक तरुण इंजिनियर 'व्हॉयेजर'वर वाढलेला. त्याला जेनवे बाईंविरुद्ध चकार शब्द खपत नाही. मी कर्काचा. आणि सर्वांचे एकमत असलेला एकमेव कायदा म्हणजे 'डिस्कव्हरी' वाईट.

२०१७ साली ही 'डिस्कव्हरी' आली. मधे बारा वर्षे दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका नव्हती, त्यामुळे आम्ही दुष्काळातून आल्यासारखे तुटून पडलो आणि तोंडे वाकडी करून परतलो. आक्षेप पुष्कळ. एक तर कथा दर आठवड्याला संपत नाही. वर्षभर एकच संकट ताणलेले, आणि ते नेहमी अखिल विश्वावरचे. यान उडते ते बुरशीच्या विश्वव्यापी जाळ्यावरून! स्पॉकला एक मानलेली बहीण निघाली, तीच नायिका, आणि तिच्याविषयी तो पूर्वी एका अक्षराने बोललेला नाही. क्लिंगॉनांची डोकी बदलली. आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे माणसे रडतात फार. यान कोसळत असते, घड्याळात चाळीस सेकंद उरलेले असतात आणि दोन अधिकारी एकमेकांना मनातले सांगत उभे!

यांतल्या काही तक्रारी टिकणाऱ्या नाहीत, हे मीही मान्य करतो. क्लिंगॉनांच्या डोक्यांचे म्हणाल तर १९६६ च्या मालिकेत त्यांची कपाळे सपाट होती. उंचवटे आले ते १९७९ च्या चित्रपटात. (त्याच चित्रपटात आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाने डोक्याचा तुळतुळीत गोटा करून काम केले. आमच्या वसाहतीत नानांना त्याचा कोण अभिमान!) हा फरक का पडला याचे स्पष्टीकरण मालिकेने दिले ते थेट २००५ साली. तोपर्यंत २६ वर्षे कोणाचे अडले नाही. आणि स्पॉकला १९८९ च्या चित्रपटात असाच अचानक एक सावत्र भाऊ निघाला होता. त्या घराण्यात सांगण्याची पद्धतच नाही, असे म्हणायचे.

आपल्याकडे पूर्वी लोक याबाबतीत मोकळे होते. मोरोपंतांनी म्हणे १०८ रामायणे रचली. त्यांतले एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचे. प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता 'म' वर्ज्य म्हटल्यावर रामायणात 'राम' हे नावच येऊ शकत नाही! तरी बारामतीच्या कोणा श्रोत्याने पंतांना 'हे मूळ कथेशी विसंगत आहे' असे खडसावल्याचे ऐकिवात नाही. आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे आहे. त्यानंतर महाराष्ट्रात हजारो शिवमंदिरे बांधली गेली, त्यांतली काही अगदी सुमार. त्यामुळे आमच्या देवळाचा एक चिराही हलला नाही.

पण रडण्याचा मुद्दा मी सोडायला तयार नव्हतो. तो सोडवायला, किंवा निदान सैल करायला, आमच्या कन्येने भाग पाडले. 'डिस्कव्हरी' आली तेव्हा ती सोळा वर्षांची. बारा-सोळाचा फरक सोडा. तिची कप्तान म्हणजे बर्नहॅम. आता ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीवर जाते. एका रात्री, रात्रपाळीहून आल्यावर, माझे नेहमीचे प्रवचन ऐकून ती म्हणाली, "बाबा, आमच्याकडे सायरन वाजला ना, की पहिल्यांदा सगळे एकमेकांकडे बघतात. कोणी तरी बोलतंच. 'घरी फोन लागतोय का बघ', असलं काही. तुमचा कर्क नुसता खुर्चीचा हात दाबतो. मला तो खोटा वाटतो."

सायरन कितीदा वाजला आणि का, हे मी विचारले. तिने ते हसण्यावारी नेले. आमचा मूळ विषय त्या दिवशी तिथेच राहिला.

बाकीच्या नव्या मालिकांबद्दल थोडक्यात. 'पिकार्ड' २०२० ते २०२३ अशी तीन पर्वे चालली. शेवटच्या पर्वात सगळी जुनी मंडळी परत आली आणि मला शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेल्यासारखे झाले. कोण किती सुटले, कोणाचे केस गेले, हेच पाहत बसलो. 'लोअर डेक्स' ही व्यंगचित्रांची मालिका मात्र माझ्या मते नव्यांतली सर्वांत अस्सल आहे. पाच पर्वे, ५० भाग. नव्या ग्रहाशी पहिली गाठ घालण्याचा मान मोठ्या यानांना. मागाहून कागदपत्रे पुरी करायला जाणारे जे यान, त्यावरच्या कनिष्ठ नोकरांची ही कथा. वसाहतीत वाढलेल्या माणसाला ती कळते. गाडीतल्या न्यायालयाने ती 'कार्टून' म्हणून पुराव्यातच घेतली नाही.

आणि मग 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. २०२२ साली सुरू झालेल्या या मालिकेने गाडीत शांतता पसरवली. कर्काच्या आधीचा एंटरप्राइझचा कप्तान पाइक, दर आठवड्याला नवा ग्रह, कथा त्याच भागात पुरी. जुन्या मंडळींना हवे ते सगळे. फक्त आमच्या कन्येने लक्षात आणून दिले, की हा नवा पाइक जन्माला आला तो 'डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या पर्वात, आणि लोकांनी त्याची स्वतंत्र मालिका मागितली म्हणून ही निघाली. म्हणजे सासू वाईट, पण तिचा मुलगा गुणी. यावर न्यायालय निरुत्तर.

या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग म्हणजे माझ्या त्या जुन्या भागाचीच दुसरी बाजू आहे, हे मला मित्राने फोन करून सांगितले. "ये, नको. मीच येतो," म्हणाला आणि रविवारी दाल-पकवानाचा डबा घेऊन बदलापूरला हजर झाला.

कथा अशी. पाइकला आपले भविष्य आधीच कळलेले आहे. एका अपघातात तो जन्माचा पंगू होणार. १९६६ च्या मालिकेतच तो खुर्चीत जखडलेला, केवळ दिव्याच्या उघडझापीने हो-नाही सांगणारा असा दाखवला होता. ते टाळण्यासाठी तो एक पत्र लिहायला घेतो. तेव्हा भविष्यातला म्हातारा पाइक येऊन त्याला दाखवतो, की तू वाचलास तर काय होईल. दृश्य उलगडते ते थेट त्या लग्नात! तेच जोडपे, त्याच चौक्या, तेच रोम्युलन. पण खुर्चीत कर्क नाही, पाइक आहे. कर्कने पाठलाग करून वार केला होता. पाइक संयम धरतो, तहाची भाषा बोलतो. रोम्युलन सेनापतीही तयार होतो. पण त्याच्या हाताखालच्याने गुपचूप आपल्या आरमाराला बोलावलेले असते. सेनापती मारला जातो, युद्ध पेटते, स्पॉक मरणाच्या दारी पोचतो. पाइक परत येतो आणि आपले दैव मुकाट्याने पत्करतो.

भाग संपला. 'छे' माझ्या ओठांवर होता; पण मित्राचा चेहरा पाहून मी तो गिळला.

"म्हणजे काय?" तो म्हणाला. "मांडवली करायला गेला म्हणून युद्ध झालं? गोळी घातली असती तर सगळं ठीक होतं? हे सांगायला साठ वर्षांनी परत आले?"

मी त्याला पहिल्यांदाच एखाद्या नव्या मालिकेवर चिडलेला पाहत होतो. थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलू लागला. त्याचे आजोबा कराचीहून बोटीने मुंबईला आले. ते सांगत, की आदल्या रात्री दार ठोठावून निघून जा म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर ट्रंक उचलून देणारा, दोघे चेहऱ्याने सारखेच होते. आणि आपणही त्यांच्यासारखेच होतो. "जुन्या भागात शत्रूचं तोंड दिसतं, तेव्हा मला आजोबा आठवले होते," तो म्हणाला. "नव्यात ते तोंड आधीच माहीत आहे. मग पुढचं विचारायला पाहिजे ना? तोंड सारखं आहे हे कळलं, आता पुढे काय? तर हे म्हणतात, पुढे युद्ध."

कन्येला हे पटले नाही. तिचे म्हणणे, हा भाग युद्धाबद्दल नाहीच. आपल्या वाट्याचे दुःख चुकवले तर ते नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या अंगावर जाते. इथे ते स्पॉकच्या अंगावर गेले. पाइक चुकीचे वागला असे कोणी म्हटलेलेच नाही. "काका, तो चांगलाच वागला. फक्त त्या खुर्चीत तो असायला नको होता."

"चांगला माणूस खुर्चीत असायला नको?" मित्र म्हणाला, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

माझे मत मी त्यांना सांगितले, इथेही सांगतो. नव्या भागाची बांधणी जुन्यापेक्षा सफाईदार आहे, अभिनयही चांगला. पण त्यात तराजूला हात लावलेला आहे. पाइकला त्या खुर्चीत बसवायचे हे आधी ठरले, म्हणून दया हरली पाहिजे हेही आधी ठरले. जुन्या भागात कर्क जिंकतो, तरी तो बरोबर होता असे कोणी सांगत नाही. वार करावा असा आग्रह धरतो तो शांत स्पॉक. नको म्हणतो तो डॉक्टर. रात्री कर्क त्या डॉक्टरजवळ बसून आपली शंका बोलून दाखवतो. (कन्येला मी हे दृश्य मुद्दाम दाखवले. "बरं, हा थोडासा खरा आहे," इतकी सूट तिने दिली.) आणि लढाईत एंटरप्राइझवरचा एकच माणूस मरतो, तो सकाळचा नवरदेव. त्या मुलीपुढे उभ्या राहिलेल्या कर्ककडे सांगण्यासारखे काही नसते. हिशेब जुळत नाही. तो तसाच न जुळता ठेवण्याची छाती १९६६ साली त्यांना होती. नव्या मंडळींना हिशेब जुळवल्याशिवाय झोप येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे; बुरशीशी माझे भांडण नाही.

सौ. आतून म्हणाली, "दाल-पकवान मऊ पडतंय."

नाना अजून आहेत. पंच्याऐंशीच्या घरात आहेत. बदलापूरला पूर्वेकडे मुलाकडे राहतात. डोळ्यांना आता धूसर दिसते आणि पडद्याखालची अक्षरे वाचणे तर अशक्य. गेल्या दिवाळीत मी आणि कन्या त्यांच्याकडे फराळाला गेलो, तेव्हा ती आपली पाटी घेऊन गेली होती; म्हणजे ते सपाट यंत्र. तिला नानांना तो नवा भाग दाखवायचा होता. नाना खाटेवर, ती जमिनीवर, आणि यंत्र दोघांच्या मधे स्टुलावर. इंग्रजी बोलणे फार भरभर, तेव्हा ती मराठीत सांगत होती आणि नाना मान हलवत होते. वॉर्पपाशी ती अडखळली. "वरचा गिअर टाकला," नानांनीच सांगितले.

रोम्युलन सेनापती पडद्यावर आला. नाना पुढे सरकले. "हा तोच का?"

"तोच, नाना. नट दुसरा."

"जुना उंच होता."

तहाची बोलणी सुरू झाली तसतसे माझ्या ध्यानात येऊ लागले, की ती पडद्यावरचे जसेच्या तसे सांगत नाही. काही गाळते आहे, काही घालते आहे. सेनापतीच्या तोंडी तिने एक वाक्य दिले: "माझ्या घरी पण कोणी तरी वाट बघतंय." असे तो कुठे म्हणाला हे मी मागाहून दोनदा पाहिले. मला ते सापडले नाही.

भाग संपल्यावर नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हा कप्तान बोलतो फार. पण माणूस बरा आहे. कर्काने एवढं ऐकून घेतलं नसतं." पुन्हा थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि त्या लग्नातल्या पोराचं काय झालं? तेव्हा मेला होता बिचारा. ह्या वेळी वाचला का?"

कन्येने क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"वाचला, नाना," ती म्हणाली. "दोघं आता कुळगावला राहतात."

नाना खूष झाले आणि त्यांनी चकली मागितली.